वीस वर्षांचे वचन
डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि तिचे लोकप्रतिनिधी शिक्षक

संस्थांच्या इतिहासातून मोठी माणसे दोनदा निघून जातात. पहिल्यांदा राजीनामा देऊन किंवा निवृत्त होऊन, आणि दुसऱ्यांदा चरित्रकारांच्या हाती लागून. गोपाळ कृष्ण गोखले यांचे असेच झाले आहे. त्यांच्या चरित्रांत शिक्षकी पेशाची वर्षे एखाद्या सुरुवातीच्या प्रकरणात आटोपतात. मग पुणे नगरपालिका, मुंबई कायदेमंडळ, काँग्रेस, कलकत्त्याचे मध्यवर्ती कायदेमंडळ असा चढता आलेख सुरू होतो आणि शाळा ही जणू पहिली पायरी ठरते. वर्षांचा हिशेब मात्र वेगळे सांगतो. गोखल्यांचे कर्ते आयुष्य १८८५ ते १९१५ असे तीस वर्षांचे. त्यातली पहिली सतरा-अठरा वर्षे ते न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते. १८९९ च्या अखेरीस ते प्रांतिक कायदेमंडळावर निवडून आले, तेव्हाही फर्ग्युसनच्या वेळापत्रकात त्यांचे तास होते. संस्थेच्या बाजूने पाहिले तर प्रश्न असा पडतो की शिक्षक राजकारणात गेला म्हणजे संस्थेचा एक माणूस कमी झाला, की संस्थेने जे घडवले ते फक्त दुसऱ्या जागी कामाला लागले? यातले दुसरे उत्तर बरोबर आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. ते उत्तर संस्थेला फुकट मिळालेले नाही आणि त्याला मर्यादाही आहेत. त्या दोन्ही गोष्टी लपवण्याचे कारण नाही.

शाळा आधी आणि सार्वजनिक जीवन मागाहून, असा क्रम या संस्थेत कधी नव्हताच. सरकारी नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यासोबत बाळ गंगाधर टिळक व महादेव बल्लाळ नामजोशी यांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. लवकरच वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले. वर्षभरातच याच मंडळींनी 'केसरी' आणि 'मराठा' काढले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले, आणि बाहेर आल्यावर ते पुन्हा वर्गात उभे राहिले. पुढे १८८४ च्या २४ ऑक्टोबरला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या २ जानेवारीला फर्ग्युसन कॉलेज उघडले. कॉलेजला मुंबईच्या गव्हर्नरांचे नाव होते. लोकांकडून वर्गणी घ्यायची, सरकारकडून अनुदान घ्यायचे आणि कारभार मात्र आपल्या हाती ठेवायचा, ही तारेवरची कसरत संस्थेने पहिल्या दिवसापासून पत्करली होती.

या कारभाराचा कणा होता आजीव सदस्यत्व. आजीव सदस्याने संस्थेला वीस वर्षे द्यायची आणि ठरलेल्या अल्प वेतनावर भागवायचे. कॉलेजच्या प्राध्यापकाला सरकारी खात्यात मिळाला असता त्याच्या काही अंशच पगार इथे मिळे. गोखल्यांचे मासिक वेतन कधी पंचाहत्तर रुपयांच्या वर गेले नाही आणि निवृत्तीनंतर त्यांना दरमहा तीस रुपये मिळत. या त्यागाचे पोवाडे पुष्कळ झाले आहेत. त्यागाइतकीच महत्त्वाची असलेली दुसरी बाजू मात्र दुर्लक्षित राहिली : या शाळेला मालक नव्हता. त्या काळच्या खाजगी शाळा बहुधा एका माणसाच्या असत. तो मुख्याध्यापक, तोच चालक आणि तोच खजिनदार. इथे आजीव सदस्य एकत्र बसून मतांनी निर्णय करत. कोणता विषय कोणी शिकवायचा, वेतन किती असावे, कोणाला सदस्य करून घ्यायचे, हे सारे चर्चेला येई. त्यात आज जिंकणारा उद्या हरे आणि हरल्यावरही दुसऱ्या दिवशी त्याला त्याच सहकाऱ्यांबरोबर शिक्षक-खोलीत बसावे लागे. या देशात निवडून आलेल्या सभांना काही अर्थ येण्यापूर्वीच पुण्यातल्या दहाबारा शिक्षकांनी सभेच्या मताने चालण्याची सवय स्वतःला लावून घेतली होती.

गोखले या चौकटीत आले ते १८८५ च्या जानेवारीत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा हा मुलगा थोरल्या भावाच्या तुटपुंज्या पगारातून शिकून एल्फिन्स्टन कॉलेजातून नुकताच पदवीधर झाला होता. घरच्या परिस्थितीकडे पाहता त्याने सरकारी नोकरी किंवा वकिली धरणे सगळ्यांनाच स्वाभाविक वाटले असते. १८८६ मध्ये तो आजीव सदस्य झाला. शाळेत इंग्रजी आणि गणित, कॉलेजात इंग्रजी वाङ्मय, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय अडेल तो गोखल्यांकडे येई. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक मॅकमिलन कंपनीने छापले आणि ते अनेक वर्षे शाळाशाळांतून चालले. नव्वदीच्या आरंभी कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी जमवत ते गावोगाव फिरले. प्रत्येक रुपयाची पावती फाडायची, देणगीदाराला वर्षाचा हिशेब पाठवायचा आणि सरकारी तपासनीस आला की त्याच्यापुढे तीच वही उघडून धरायची, हे काम गौरवग्रंथांत सहसा येत नाही. पुढे कलकत्त्याच्या सभागृहात सरकारी अंदाजपत्रकाची चिरफाड करणारा जो सदस्य देशाने पाहिला, त्याला आकड्यांची शिस्त लागली ती इथे. अंकगणिताचे पुस्तक आणि अंदाजपत्रकावरची भाषणे यांची जोड लावायचा मोह टाळलेला बरा. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब दुसऱ्याला देण्याची सवय मात्र योगायोगाने लागत नाही.

संस्थेतील पहिला मोठा तडा एका प्रश्नावर गेला. आजीव सदस्याने शाळेबाहेर किती वेळ द्यावा आणि बाहेरून किती मिळवावे? टिळकांचे म्हणणे स्पष्ट होते. जेझुइट धर्मगुरूंप्रमाणे सदस्याचा सारा वेळ आणि सारी कमाई संस्थेची असली पाहिजे. खाजगी मिळकतीला आणि बाहेरच्या जबाबदाऱ्यांना मुभा दिली की वचनाला अर्थ उरत नाही. आगरकर, गोखले आणि इतरांचे मत वेगळे होते. संसाराच्या गरजा आणि माणसाचे स्वातंत्र्य या दोन्हींना जागा असावी, असे ते म्हणत. गोखल्यांनी १८९० मध्ये सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा वाद टोकाला गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. या प्रसंगाची बोळवण 'व्यक्तिगत मतभेद' या दोन शब्दांत करणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. व्यक्तींचे खटके होतेच, पण मूळ मुद्दा तत्त्वाचा होता आणि टिळकांचा आक्षेप तर्काने पक्का होता. वीस वर्षे देण्याचे वचन आणि दुपारनंतर दुसऱ्या संस्थेचे चिटणीसपद, या दोन गोष्टी एका कागदावर नीट बसत नाहीत. संस्थेने बहुमताने मोकळीक स्वीकारली आणि तिची किंमत म्हणून आपल्या संस्थापकांपैकी सर्वांत कर्तबगार शिक्षक गमावला.

मग निकाल कोणाच्या बाजूने लागला? वरवर पाहता काळाने प्रश्नच उलटा केला. ज्यांनी बाहेरच्या कामाला हरकत घेतली ते टिळक १८९५ मध्ये पुणे नगरपालिकेवर आणि मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले. चार वर्षांनी गोखले त्याच कायदेमंडळात आले. नामजोशी तर त्याआधीपासून नगरपालिकेच्या आणि औद्योगिक प्रदर्शनांच्या कामात बुडालेले होते. वचन कडक पाळावे म्हणणारा आणि सैल ठेवावे म्हणणारा, दोघेही त्याच सभागृहाच्या दारात पोचले. यावरून कोणी म्हणेल की मग संस्थेचे यात विशेष ते काय? पुण्यातील हुशार माणसे तशीही राजकारणात गेली असती. या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर इतर लोकप्रतिनिधींशी तुलना करावी लागते. १८९२ च्या कायद्याने प्रांतिक कायदेमंडळांत अप्रत्यक्ष निवडणुकीला थोडी वाट मिळाली. त्या वाटेने आलेले बहुतेक सदस्य वकील, सरदार आणि व्यापारी होते. फिरोजशहा मेहतांच्या मागे मुंबईच्या वकिलीचे बळ होते. सरदारांना जहागिरीचे, व्यापाऱ्यांना पेढीचे. गोखल्यांच्या मागे होते काय? पंचाहत्तर रुपये आणि एक संस्था. सरकारचा पगार नसल्याने ते सरकारविरुद्ध बोलू शकत होते. जमीनजुमला नसल्याने जमीनदारांविरुद्ध बोलायलाही त्यांना आडकाठी नव्हती. अधिवेशनाच्या दिवसांत त्यांचे तास सहकारी सांभाळत. हे स्वातंत्र्य त्यांनी वारशाने मिळवले नव्हते. ते आजीव सदस्यांच्या मंडळाने सामुदायिकरीत्या पुरवले होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गोखल्यांना घडवले ते न्यायमूर्ती रानड्यांनी, शाळेने नव्हे. १८८७ पासून रानड्यांनी त्यांच्याकडून सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी टिपणे, अर्ज आणि आकडेवारी पुन्हा पुन्हा लिहवून घेतली, हे सर्वज्ञात आहे. एखाद्या अर्जातले प्रत्येक विधान पुराव्याला टेकले पाहिजे, ही रानड्यांची शिकवण होती. ती किती खरी होती याचा कसोटीचा क्षण १८९७ मध्ये आला. वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेलेल्या गोखल्यांनी पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात सोजिरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल इंग्लंडमध्ये आरोप केले. त्यांचा आधार मित्रांकडून आलेली पत्रे हा होता. परत आल्यावर आरोप सिद्ध करता येईनात, तेव्हा त्यांनी बिनशर्त माफी मागितली. ती माफी अनेकांना मानहानी वाटली आणि ती अवास्तव होती की नाही यावर आजही वाद घालता येईल. रानड्यांचे ऋण म्हणून कमी होत नाही. पण रानडे स्वतः सरकारी न्यायाधीश होते. निवडणुकीला उभे राहणे, कायदेमंडळात सरकारविरुद्ध मत देणे आणि सभात्याग करणे या गोष्टी ते शिष्याला शिकवू शकत होते, स्वतः करू शकत नव्हते. गुरूने कसब दिले. ते वापरायला लागणारा मोकळा पाय संस्थेने दिला.

त्या पायाने गोखले किती लांब गेले हे मुंबई कायदेमंडळाच्या दोन वर्षांत दिसते. १८९९–१९०० चा दुष्काळ सरला तेव्हा सारा थकलेल्या अनेक शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या होत्या. या जमिनी परत लावून देताना शेतकऱ्याला त्या विकण्या-गहाण ठेवण्याचा हक्क राहू नये, अशी तरतूद करणारे जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक १९०१ मध्ये आले. सावकाराच्या पाशातून कुणब्याला सोडवायचे, असा सरकारचा दावा होता. गोखल्यांचे उत्तर असे की पत काढून घेतल्याने कर्ज थांबत नाही, फक्त महाग होते, आणि आजवरचा मालक सरकारचे कूळ होतो. विधेयक लांबणीवर टाकण्याची मागणी फेटाळली गेली तेव्हा फिरोजशहा मेहतांच्या मागोमाग गोखले आणि इतर काही लोकनियुक्त सदस्य सभागृहाबाहेर पडले. विधेयक अर्थातच संमत झाले. पण ज्याला पुढे अतिमवाळ म्हणून हिणवले गेले, त्या प्राध्यापकाने सभात्याग हे हत्यार तेव्हाच वापरून पाहिले होते.

१९०२ मध्ये गोखले अध्यापनातून मोकळे झाले. त्याच सुमारास ते मध्यवर्ती कायदेमंडळात बसू लागले आणि पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही झाले. अध्यक्षपदावर ते दोन वेळा होते. या दोन जागांची उंची सारखी नव्हती. एका जागी सबंध देशाचा जमाखर्च, तर दुसरीकडे पेठांतली गटारे, नळाचे पाणी आणि प्लेगने पोखरलेल्या वाड्यांची साफसफाई. तरीही पहिल्यासाठी दुसरे सोडावे असे त्यांना वाटले नाही. नगरपालिकेचे कामकाज छापून लोकांपुढे ठेवण्याचा त्यांचा आग्रह होता आणि तो आजीव सदस्याच्या सवयीशी जुळणारा होता : ज्यांच्या पैशाने चालते त्यांना कारभार दिसला पाहिजे. त्या नगरपालिकेला अधिकार थोडे होते आणि कर भरणाऱ्या मोजक्या लोकांनाच मत होते, हे खरे. अशा अपुऱ्या साधनाचे मोल फार चढवून सांगू नये. पण स्वराज्याची मागणी करणाऱ्याने आधी गल्लीचा दिवा वेळेवर लावून दाखवावा, या त्या पिढीच्या श्रद्धेला पुण्यात जो काही आधार मिळाला, तो अशा कामातून मिळाला.

१९०५ च्या १२ जूनला गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. तो डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या कल्पनेचा विस्तार होता, हे बहुतेक सगळे मान्य करतात. अल्प निर्वाहवेतन, दीर्घकाळ सेवेचे बंधन, सामुदायिक निर्णय या तिन्ही गोष्टी तिथून आल्या. नीट पाहिले तर एक चौथी गोष्टही दिसते. समाजाच्या सदस्याने स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करू नये, अशी शपथ त्यात होती. १८९० मध्ये टिळकांनी मांडलेली अटच पंधरा वर्षांनी गोखल्यांनी आपल्या नव्या संस्थेत घातली, असे म्हणायला यामुळे हरकत नाही. शाळेसाठी जी अट त्यांना जाचक वाटली, तीच राजकारणासाठी त्यांनी अत्यावश्यक मानली. ही विसंगती म्हणावी का? मला तसे वाटत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या अनुभवातून त्यांना कळले असावे की दोन वचने एकाच वेळी पाळता येत नाहीत. शिक्षकाने राजकारण करावे, पण त्यासाठी शाळेला अर्धा शिक्षक देऊ नये; राजकारणासाठी पूर्ण वेळाची वेगळी संस्था काढावी. फुटीतून निघालेला हा निष्कर्ष दोन्ही पक्षांच्या युक्तिवादाला आपापल्या जागी मान देतो.

शाळा, नगरपालिका आणि प्रांतिक सरकार हे तीन धागे एकत्र गुंफले गेले ते १९११ च्या प्राथमिक शिक्षण विधेयकात. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी ते मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सक्ती, पण सरसकट नव्हे. ज्या नगरपालिकेच्या वा जिल्हा लोकल बोर्डाच्या हद्दीत ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, त्यांनी प्रांतिक सरकारच्या मंजुरीने आपल्यापुरती सक्ती लागू करावी. खर्चाचा एक तृतीयांश वाटा स्थानिक संस्थेने, दोन तृतीयांश सरकारने उचलावा. मुलींचा समावेश नंतर. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी सबंध संस्थानात सक्ती आणून दाखवलीच होती. विधेयकाची प्रत्येक अट वाचताना शिक्षक आणि नगराध्यक्ष आळीपाळीने बोलत असल्यासारखे वाटते. वर्ग उभे करायला पैसा किती लागतो हे एकाला ठाऊक, तो पैसा गोळा करताना करदाते किती कुरकुरतात हे दुसऱ्याला. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. प्रांतिक सरकारांनी विरोध केला होता आणि काही हिंदी सदस्यांनीही. 'इतका जपून आखलेला प्रस्तावही पडला, मग जपून आखण्याचा उपयोग काय' असे विचारणारे तेव्हाही होते. उपयोग पुढे दिसला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने मुंबई प्रांतातील नगरपालिकांना सक्ती करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला, आणि त्याचा साचा बराचसा हाच होता.

इथे संस्थेच्या इतिहासाने एक कबुली द्यायला हवी. पुण्यात शाळा काढून मग नगरपालिकेत बसलेला पहिला मोठा माणूस या संस्थेतला नव्हता. जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली आणि १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. न्यू इंग्लिश स्कूल दोन वर्षांचे असताना, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी मागितले होते ते निदान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण, आणि दाखवून दिले होते की सरकारी शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो आहे. त्याच काळात आपली संस्था माध्यमिक शाळा आणि कॉलेज उभारत होती आणि तिच्या बाकांवर कोणत्या घरांतली मुले बसत, हे सांगायला नको. गोखल्यांचे विधेयक फुल्यांच्या मागणीपेक्षा एकोणतीस वर्षे उशिरा आले आणि तिच्याहून आखूड होते. हा आक्षेप खोडता येत नाही, खोडूही नये. इतकेच म्हणता येईल की माध्यमिक शाळेतला शिक्षक सार्वजनिक कामात गेल्यामुळेच प्राथमिक शाळेपर्यंत खाली येऊन पोचला. चार भिंतींत राहिला असता तर कदाचित कधीच पोचला नसता.

ही वाट पुढे नेणारा माणूसही संस्थेचाच होता. दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. सरकारी शिक्षणखात्यात त्यांना सहज मोठी जागा मिळाली असती. ते संस्थेच्या वेतनावर परत आले आणि १९०२ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. मुंबई कायदेमंडळाचे सदस्यत्व आणि माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ पासून प्रांताचे शिक्षणमंत्रिपद, असा त्यांचा प्रवास झाला. त्यांच्या मंत्रिपदाच्या काळातच १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि त्याने प्राथमिक शाळांचा कारभार सरकारी खात्याकडून स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांकडे सोपवला. शाळा शिक्षकांनी चालवावी म्हणून निघालेल्या संस्थेच्या आजीव सदस्याने शाळा गावाने चालवावी, असा कायदा केला. गोखले या वेळी हयात असते तर त्यांनी त्यातली खर्चाची वाटणी तपासून पाहिली असती आणि बहुधा सरकारचा वाटा कमी आहे म्हणून भांडले असते.

आज राज्यघटनेच्या १७१ व्या कलमाने विधान परिषदेतील सुमारे एक द्वादशांश जागा शिक्षकांच्या मतदारसंघांना दिल्या आहेत. शिक्षकाला सभागृहात जायला आता हक्काचे दार आहे. ही सोय चांगलीच, पण तिच्यामुळे एक फरक नजरेआड होतो. टिळक, गोखले, परांजपे यांना शिक्षकांनी शिक्षकांसाठी निवडले नव्हते. नगरपालिका, लोकल बोर्डे आणि विद्यापीठ यांच्या वतीने ते गेले, आणि दुष्काळी शेतकऱ्याच्या सातबाऱ्यापासून पेठेतल्या गटारापर्यंत सगळे आपल्या विषयातले समजून बोलले. वेतन, रजा, निवृत्तिवेतन यांवर त्यांनी बोलायचे ते आपल्याच मंडळात बोलून घेतले होते. त्या भांडणात एक संस्थापकही गमावला होता. वीस वर्षांच्या वचनाने त्यांना जे दिले ते इतकेच : स्वतःचा प्रश्न घरी मिटवून दुसऱ्याचा प्रश्न सभागृहात नेण्याची मोकळीक. संस्थेला आपल्या यादीतील लोकप्रतिनिधींचा अभिमान वाटावा तो या मोकळीकीबद्दल, त्यांच्या पदांबद्दल नव्हे.